पिल्लं का मरत होती? : सुई, थेंब आणि डुकरिणीचं दूध

या आठवड्यात रिलीज होता, त्यामुळे वीकेंडच्या लिखाणाला सुट्टी पडते की काय असं वाटत होतं. पण शुक्रवारी रात्री सगळं सुरळीत पार पडलं आणि बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय एकदाचा लिहायला घेतला. विषय जरा विचित्र आहे: डुकरिणीचं दूध. नाकं मुरडू नका! शेवटी आपण पोलिओच्या थेंबांपर्यंत आणि नाकातल्या लशीपर्यंत जाऊन पोचणार आहोत. (मी डॉक्टर नाही, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. इतिहास वाचायची खोड आहे, म्हणून हा उद्योग.)

आधी एक साधा प्रश्न. धनुर्वाताची लस दंडात टोचतात, मग पोलिओची लस आपल्याकडे इतकी वर्षं तोंडात थेंब टाकून का दिली? मी ऑफिसात चार-पाच जणांना विचारलं. बहुतेकांचं उत्तर एकच, "लहान मुलं सुईला घाबरतात म्हणून." तेही खोटं नाही. थेंब पाजायला नर्स लागत नाही, बूथवरचा स्वयंसेवकही पाजू शकतो, शिवाय स्वस्त पडतं. पण याहून मोठं एक कारण आहे. लस शरीरात कोणत्या दारानं शिरते, त्यावरून तिनं तयार केलेले पहारेकरी कुठल्या दारावर उभे राहणार हे ठरतं. आणि या गोष्टीचा सगळ्यात स्वच्छ पुरावा कुठे मिळाला म्हणाल, तर अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डुकरांच्या गोठ्यात.

१९४६ साली इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या डॉइल आणि हचिंग्ज या दोघांनी डुकरांच्या एका साथीचं वर्णन छापलं. रोगाचं नाव ट्रान्समिसिबल गॅस्ट्रोएन्टरायटिस, थोडक्यात टीजीई. मोठ्या डुकरांना चार दिवस जुलाब होतात आणि ती बरी होतात. पण दोन आठवड्यांच्या आतली पिल्लं मात्र जवळजवळ शंभर टक्के मरतात. विषाणू (हा कोरोनाच्याच खानदानातला) आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशी मारतो, पिल्लू प्यायलेलं दूध पचवू शकत नाही, ओकतं, पाण्यासारखं हगतं आणि काही दिवसांत सुकून जातं. ज्या शेतकऱ्याचं वर्षाचं गणित पिल्लांवर चालतं, त्याच्यासाठी एका आठवड्यात सगळं संपलं.

पण शेतकऱ्यांना एक गोष्ट दिसत होती. जी डुकरीण हा रोग होऊन बरी झाली, तिची पुढच्या वेताची पिल्लं बऱ्याचदा वाचायची. साठच्या दशकात पर्ड्यूच्याच हेल्टरमन यांनी याचं कारण सांगितलं: दूध. पिल्लू जोवर अशा आईचं दूध थोड्या थोड्या वेळानं पीत राहतं, तोवर त्याच्या आतड्याला त्या दुधातल्या प्रतिपिंडांचा (म्हणजे अँटीबॉडीजचा) सतत लेप बसत राहतो आणि विषाणूला आत शिरायला जागा मिळत नाही. आईपासून तोडलं, की हे संरक्षण पाहता पाहता संपतं.

आता इथे डुकराच्या शरीराबद्दल थोडं सांगायला हवं. माणसाच्या बाळाला आईच्या रक्तातली प्रतिपिंडं पोटात असतानाच वारेतून मिळतात. डुकराची वार इतक्या थरांची असते की त्यातून प्रतिपिंडं पलीकडे जातच नाहीत. पिल्लू जन्माला येतं ते अक्षरशः रिकाम्या हातानं. मग त्याला पहिला हप्ता मिळतो तो चिकातून. चीक म्हणजे आपण ज्याचा खरवस करतो तो, व्याल्यानंतरचा पहिला घट्ट पिवळसर द्रव. (खरवस खाताना आपण वासराच्या प्रतिपिंडांवर डल्ला मारत असतो, हे एकदा कळलं की चव थोडी बदलते.) चिकात आईच्या रक्तातून आलेलं आयजीजी नावाचं प्रतिपिंड खच्चून भरलेलं असतं. पहिला एक-दीड दिवस पिल्लाच्या आतड्याची दारं सताड उघडी असतात, त्यामुळे ते तसंच्या तसं रक्तात जातं. मग दारं बंद होतात. त्यानंतर दुधातून जे येईल ते रक्तात न जाता आतड्याच्या पोकळीतच राहतं. आणि टीजीईचा विषाणू हल्ला करतो तो नेमका आतड्याच्या पोकळीकडूनच.

म्हणजे प्रश्न सोपा झाला, नाही का? डुकरिणीला विण्याआधी लस टोचा, तिच्या रक्तात प्रतिपिंडं वाढतील, ती चिकात येतील, दुधात येतील, पिल्लं वाचतील. कागदावर अगदी फिट्ट बसतं. प्रत्यक्षात इंजेक्शन दिलेल्या डुकरिणींच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर वाढली. चिकातही वाढली. पण विषाणूशी गाठ पडल्यावर त्यांची पिल्लं रोग होऊन गेलेल्या डुकरिणींच्या पिल्लांइतकी काही वाचेनात.

रिपोर्ट हिरवा, आणि गोठ्यात पिल्लं मेलेली. आपल्या धंद्यात अशा वेळी पहिला प्रश्न विचारतात, "आपण नक्की काय मोजतोय?" ओहायोतल्या वूस्टर गावच्या कृषी संशोधन केंद्रात एडवर्ड बोल यांच्या गटानं नेमकं तेच विचारलं. त्यांच्यासोबत लिंडा सैफ नावाची तरुण विद्यार्थिनी होती, तिची पीएच.डी.सुद्धा अजून व्हायची होती. १९७२ मध्ये त्यांचे निबंध छापून आले. त्यांनी काही डुकरिणींना रोगाची खरी लागण होऊ दिली, काहींना स्नायूत लस टोचली, काहींना थेट कासेत टोचली. मग रक्त, चीक आणि दूध असं तिन्ही तपासलं. नुसतं "प्रतिपिंडं किती" एवढ्यावर न थांबता "कोणत्या जातीची" हेही पाहिलं.

उत्तर लख्ख होतं. ज्यांच्या आतड्यात खरी लागण झाली होती त्यांच्या दुधातलं टीजीईविरोधी प्रतिपिंड मुख्यतः आयजीए जातीचं होतं. ज्यांना टोचलं होतं, मग ते स्नायूत असो वा कासेत, त्यांच्या दुधात होतं ते मुख्यतः आयजीजी. पिल्लांना जास्त चांगलं वाचवलं ते आयजीएनं. लस कासेत टोचूनसुद्धा हे जमू नये, हे मला सगळ्यात मजेशीर वाटतं. ज्या अवयवातून दूध येतं, तिथेच लस टोचली, तरी हवं ते दूध मिळेना! ते मिळालं ते फक्त आतड्याच्या वाटेनं.

आयजीएमध्ये असं काय आहे? एक म्हणजे व्याल्यावर काही दिवसांतच दुधातलं आयजीजी झपाट्यानं कमी होतं, आयजीए मात्र दूध सुरू असेपर्यंत येत राहतं. दुसरं, आयजीए जोडीनं येतं आणि येताना अंगावर प्रथिनाचा एक जास्तीचा तुकडा बांधून येतं. या चिलखतामुळे पोटातले पाचकरस त्याला सहजासहजी फाडू शकत नाहीत. आयजीजी बिचारं रक्तातला शिपाई. आतड्याच्या त्या पाचक राड्यात ते फार काळ टिकत नाही.

हे आयजीए तेव्हा तसं नवंच होतं. बेल्जियमच्या जोसेफ हेरेमान्स यांनी १९५९ मध्ये ते रक्तातून वेगळं काढून ओळखलं. मग अमेरिकेत थॉमस टोमासी आणि सहकाऱ्यांनी १९६३ ते १९६५ या काळात दाखवलं, की लाळ, अश्रू, चीक अशा स्रावांमध्ये याचंच राज्य असतं आणि तिथलं रूप रक्तातल्यापेक्षा वेगळं असतं. म्हणजे शरीरात प्रतिपिंडांची दोन खाती आहेत. एक रक्ताचं, दुसरं बाहेरच्या जगाला चिकटून असलेल्या ओल्या अस्तरांचं: नाक, घसा, फुप्फुसं, आतडं. आणि एका खात्यात पैसे भरले म्हणून दुसऱ्यात आपोआप जमा होत नाहीत.

गंमत म्हणजे याचे इशारे पन्नास वर्षं आधीपासून मिळत होते. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्झांडर बेस्रेडका पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सशांवर प्रयोग करत होते. सशांना तोंडावाटे मारलेले जंतू दिले, की आतड्याच्या रोगाविरुद्ध त्यांना संरक्षण मिळतं आणि त्याचा रक्तातल्या प्रतिपिंडांशी मेळ बसत नाही, असं त्यांना दिसत होतं. १९२२ मध्ये डेव्हिस नावाच्या डॉक्टरांना हगवणीच्या रुग्णांच्या शौचात प्रतिपिंडं सापडली, तीही रक्तात दिसायच्या आधी! १९४७ मध्ये अमेरिकेत विल्यम बरोज यांच्या गटानं गिनीपिगांना कॉलरा देऊन पाहिलं: प्राणी वाचणार की नाही, याचा संबंध रक्तातल्या प्रतिपिंडांपेक्षा शौचातल्या प्रतिपिंडांशी जास्त लागत होता.

मग या मंडळींचं कोणी मनावर का घेतलं नाही? बेस्रेडकांच्या बाबतीत कारण समजण्यासारखं आहे. त्यांचं निरीक्षण बरोबर होतं, पण स्पष्टीकरण चुकलं. ही प्रतिकारशक्ती प्रतिपिंडांशिवायच येते, त्या जागेच्या पेशी स्वतःच निर्ढावतात, असं ते म्हणत. ते पटलं नाही म्हणून लोकांनी निरीक्षणही गुंडाळून ठेवलं. आणि दुसरं कारण फारच साधं आहे. रक्त काढणं सोपं. सुई टोचा, नळीत भरा, मोजा. शौच, आतड्यातला चिकट द्रव, नाकातला शेंबूड मोजायला किचकट आणि घाणेरडा. जे सहज मोजता येतं तेच महत्त्वाचं असं आपण नकळत धरून चालतो. ज्यानं कधी डॅशबोर्ड बनवलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

आता खरं कोडं. लागण आतड्यात झाली, मग प्रतिपिंड कासेत कसं आलं? आतडं कुठे, कास कुठे! याची उत्तरंही प्राण्यांमध्येच मिळाली, आणि तुकड्यातुकड्यानं मिळाली. १९६४ मध्ये ऑक्सफर्डच्या गोवन्स आणि नाइट यांनी उंदरांच्या छातीतल्या लसिकावाहिनीतून पेशी काढून दुसऱ्या उंदरांच्या रक्तात सोडल्या. त्यातल्या मोठ्या पेशी नेमक्या आतड्याच्या भिंतीत जाऊन बसल्या. १९७१ मध्ये क्रेग आणि सेब्रा यांनी सशांमध्ये दाखवलं, की आतड्याच्या भिंतीत 'पायर्स पॅचेस' नावाचे जे ठिपके असतात, तिथे आयजीए बनवणाऱ्या पेशींचे पूर्वज ठासून भरलेले असतात. आणि १९७७ मध्ये मादी उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की आतड्याजवळच्या लसिकाग्रंथींतल्या पेशी गाभण आणि दुभत्या काळात स्तनग्रंथींमध्ये जाऊन वस्ती करतात आणि तिथे आयजीए बनवतात.

म्हणजे होतं असं. आतड्यातल्या ठिपक्यांपाशी विषाणूशी गाठ पडते, पेशी तिथे शिकतात, लसिकेतून रक्तात उतरतात, शरीरभर फिरतात आणि मग परत आतड्यात, लाळग्रंथींत, आणि आई होऊ घातलेली असेल तर कासेत उतरतात. जाताना प्रत्येकीच्या खिशात पत्ता असतो. दंडात टोचलेल्या लशीनं शिकवलेल्या पेशींच्या खिशात हा पत्ता नसतो. हा पत्ता लिहितं कोण, हेसुद्धा नंतर कळलं: २००४ ते २००६ दरम्यानच्या उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की आतड्याजवळच्या पेशी अ जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक आम्ल बनवतात आणि त्याच्या प्रभावाखाली शिकाऊ पेशींवर 'आतड्याकडे चला' अशी खूण उमटते. गाजर-पालक खा म्हणणाऱ्या आईला नकळत एक मुद्दा मिळाला!

बरं, शेतकऱ्यांनी काय केलं? त्यांनी जे केलं ते ऐकायला किळसवाणं आहे, पण चालतं. मेलेल्या पिल्लांची आतडी बारीक करून ती गाभण डुकरिणींना, विण्याच्या काही आठवडे आधी, खायला घालायची. डुकरिणी चार दिवस आजारी पडतात, बऱ्या होतात आणि विण्याच्या वेळी दुधात आयजीए घेऊन तयार असतात. धोका आहेच, कारण त्या आतड्यांतून दुसरे रोगही पसरू शकतात. तोंडावाटे द्यायच्या सौम्य केलेल्या जिवंत लशीही आल्या, पण तिथे वेगळीच पंचाईत. विषाणू फार सौम्य केला, तर तो आतड्यात नीट वाढत नाही आणि पेशींना धडा मिळत नाही. कमी सौम्य केला, तर पिल्लांनाच धोका. दार बरोबर निवडलं म्हणून काम फत्ते होत नाही.

मग एक अजब गोष्ट घडली. १९८४ मध्ये बेल्जियममध्ये टीजीईच्या विषाणूचा एक भाऊबंद सापडला. त्याच्या काट्यांच्या जनुकाचा एक मोठा तुकडा गळाला होता, त्यामुळे त्याला आतड्यात फारसं वाढता येईना. तो नाकातून शिरून फुप्फुसांत राहायला लागला आणि त्यानं होणारा आजारही बराच सौम्य. तो हवेतून युरोपभर पसरला आणि त्याच्या मागोमाग टीजीई युरोपातून जवळपास दिसेनासा झाला. नाकावाटे मिळालेल्या या फुकटच्या 'लशी'मुळे डुकरिणींच्या दुधातही थोडंफार संरक्षण येत होतं. ओल्या अस्तरांची आपापसात देवाणघेवाण असते, याचा हा निसर्गानंच केलेला प्रयोग.

पण धडा एकदा शिकून संपत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत पीईडी नावाचा टीजीईसारखाच दुसरा कोरोना विषाणू शिरला आणि वर्षभरात सुमारे सत्तर लाख पिल्लं मेली. २०१४ मध्ये घाईघाईनं इंजेक्शनच्या लशी आल्या. त्यांचा खरा उपयोग झाला तो आधी लागण होऊन गेलेल्या डुकरिणींमध्ये, उजळणी म्हणून. ज्या डुकरिणींच्या आतड्याला हा विषाणू कधी भेटलाच नव्हता, त्यांच्यात परिणाम जेमतेम. शेतकरी पुन्हा त्याच जुन्या किळसवाण्या उपायाकडे वळले.

आता माणसांकडे येऊ. १९६८ मध्ये ओगरा आणि सहकाऱ्यांनी मुलांमध्ये पोलिओच्या दोन्ही लशींची तुलना केली. साल्क यांची टोचायची लस: रक्तात भरपूर प्रतिपिंडं, नाक-घशात नि आतड्यात आयजीए जवळजवळ नाही. सेबिन यांचे थेंब: रक्तातही आणि अस्तरांवरही. टोचलेलं मूल स्वतः पांगळं होत नाही, कारण मज्जासंस्थेकडे जाणारी रक्ताची वाट अडवलेली असते. पण विषाणू त्याच्या आतड्यात वाढू शकतो आणि शौचावाटे पुढे जाऊ शकतो. २०१३ मध्ये इस्रायलमध्ये हेच दिसलं. तिथे तेव्हा काही वर्षं फक्त टोचायची लस होती. एकही मूल लुळं पडलं नाही, पण सांडपाण्यात पोलिओचा विषाणू महिनोनमहिने सापडत राहिला. शेवटी मुलांना थेंब पाजावे लागले.

भारतासारख्या देशात, जिथे सांडपाणी आणि पिण्याचं पाणी एकमेकांना भेटायची संधी सोडत नाहीत, तिथे साखळी तोडायला आतड्यातला पहारेकरीच हवा होता. म्हणून थेंब. जानेवारी २०११ मध्ये हावड्याला शेवटचा रुग्ण सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. थेंबांची दुसरी बाजूही आहे: त्यातला जिवंत विषाणू फार क्वचित स्वतःच लकवा आणू शकतो, म्हणून अनेक देश सुईकडे परतले. आणि इथे डुकरिणी पुन्हा आठवतात. २०१४ मध्येच वेल्लोर आणि मुरादाबादच्या अभ्यासांत दिसलं, की आधी थेंब घेतलेल्या मुलांना वर एक इंजेक्शन दिलं, तर त्यांच्या आतड्यातली प्रतिकारशक्ती चांगलीच उसळी मारते. पत्ता आधी आतड्यानं लिहून दिलेला असला, की सुईनं पाठवलेलं स्मरणपत्रही बरोबर घरी पोचतं.

नाकाचीही तीच कथा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं स्वाइन फ्लूनंतर २०१० मध्ये नाकात फवारायची लस आणली होती. २०२० मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात उंदरांना कोविडची एकच लस दोन मार्गांनी दिली. टोचली तेव्हा न्यूमोनिया टळला, पण फुप्फुसांत विषाणूचा अंश सापडत राहिला आणि आयजीए नाही. नाकातून दिली तेव्हा आयजीए आलं आणि नाकापासून फुप्फुसांपर्यंत जवळजवळ सगळा बंदोबस्त झाला. याच तंत्रावर हैदराबादच्या भारत बायोटेकची नाकातली लस उभी राहिली, जानेवारी २०२३ मध्ये ती बाजारात आली. पण उंदरात चाललं ते माणसात तसंच चालेल असं नाही. ऑक्सफर्डनं २०२२ मध्ये आपली कोविड लस माणसांच्या नाकात फवारून पाहिली, तर बहुतेकांच्या नाकात म्हणावी तशी प्रतिपिंडं आलीच नाहीत. बरोबर दार सापडणं वेगळं आणि त्या दारातून पुरेसं सामान आत नेणं वेगळं.

तर मंडळी, यापुढे "नव्या लशीनं प्रतिपिंडं दसपट वाढली" अशी बातमी वाचलीत, की एवढंच विचारा: कुठे वाढली? रक्तात वाढली असतील तर तुम्ही स्वतः बहुधा जास्त सुरक्षित आहात, आणि ते काही कमी नाही. कोविडच्या काळात दंडातल्या सुईनंच असंख्य जीव वाचवले. पण तुमच्याकडून तो जंतू घरातल्या आजीपर्यंत किंवा तान्ह्या बाळापर्यंत जाणार की नाही, याचं उत्तर बरंचसं नाकातल्या आणि आतड्यातल्या त्या ओल्या अस्तरावर अवलंबून आहे, आणि ते मोजणं आजही किचकटच आहे.

लिंडा सैफ यांना या कामासाठी आणि पुढच्या संशोधनासाठी २०१५ चा वुल्फ पुरस्कार मिळाला. मधल्या काळात, २००३ मध्ये सार्स आला, तेव्हा जगाला अचानक कोरोना विषाणूंचे जाणकार हवे झाले. ते कुठे सापडले असतील? अर्थातच गोठ्यात काम केलेल्या लोकांमध्ये.

पुढच्या वीकेंडला काहीतरी कमी ओलं लिहीन म्हणतो. तोवर कुठे खरवस मिळाला तर जरूर खा, पण वासरासाठी थोडा चीक मागे राहिलाय ना, तेवढं विचारून घ्या.